महाराज येतील तिथे सम

तबला वाजवणाऱ्या बाईकडे बघायची लोकांची एक ठरलेली पद्धत आहे. आधी डोळे मोठे करायचे, मग "तुम्ही? तबला?" असं विचारायचं, आणि शेवटी पेटी शिकला असतात तर बरं झालं असतं, असं हळूच सुचवायचं. चिपळूणपासून सिल्वासापर्यंत मी हे ऐकत आले आणि प्रत्येक वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे वडील गावोगाव कीर्तनाला तबल्याची साथ करायचे. घरात शिकवायला मीच होते म्हणून त्यांनी मला शिकवलं. शिकवताना ते रागावत नसत. मात्रा इकडची तिकडे झाली की काही न बोलता उठून परसात जात, आणि मी ठेका पुन्हा सरळ धरला की परत येऊन बसत. त्यांच्या त्या उठण्याची मला इतकी धास्ती होती की लग्न होईपर्यंत माझा हात अगदी सरळ झाला होता.

मला एकच गोष्ट हवी होती. रेडिओची परीक्षा पास व्हायची आणि रेडिओवर वाजवायचं. तिथे कोण वाजवतंय ते दिसत नाही, नुसता हात ऐकू येतो, हे मला फार आवडायचं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला सिल्वासाच्या मराठी शाळेत नोकरी लागली. मग नवऱ्यानेही जवळच सायली गावी धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझरचं काम धरलं आणि आम्ही सिल्वासातच आमली भागात एका चाळीत खोली घेतली. त्या दिवसांत तिथे जिकडे बघावं तिकडे कारखाने उभे राहत होते, आणि कामगार धुळे-जळगावकडून टेम्पोत बसून येत होते. चाळ त्यांनीच भरली होती. कोणी सकाळपाळीला, कोणी रातपाळीला. त्या चाळीत चोवीस तासांत अशी एक घटका नव्हती की कोणी ना कोणी झोपलेलं नाही. मी तबला काढला की पाचव्या मिनिटाला शेजारचा धुळ्याचा कामगार दारात उभा.

"ओ बाई, रातपाळी करीसन उनू मी. जराखं झोपू द्या ना."

डोळे लाल, हात जोडलेले. त्याच्यावर रागावायची सोयच नव्हती. नवरा म्हणाला, "अगं, उशीवर वाजव." वर्षभर मी उशीवर वाजवत होते. उशीवर वाजवून कोणी रेडिओवर जात नाही, हे मी त्याला रोज सांगायचे आणि तो रोज हसायचा.

अशात एका दुपारी शाळेच्या मधल्या सुट्टीत एक पांढरी टोपी घातलेले उंच गृहस्थ जीपमधून उतरले आणि थेट माझ्या वर्गाशी आले. गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "तबला वाजवणाऱ्या बाई तुम्हीच ने? एक वात करायची होती, बोलायचं होतं. महाराजांनी बोलावलंय."

महाराज म्हणजे डोंगरापलीकडच्या एका लहानशा संस्थानाचे राजे. संस्थान विलीन झालं तेव्हा ते तरुण होते. नंतर सरकारचा तनखाही गेला. वाडा, जमिनी, सगळं पांगल्यावर ते सिल्वासाच्या कडेला, दमणगंगेच्या काठी, एका बंगल्यात येऊन राहिले होते. पांढऱ्या टोपीचे गृहस्थ त्यांचे कारभारी. आता कारभार काही उरला नव्हता, पण कारभारी उरले होते. दर गुरुवारी संध्याकाळी महाराज गात. स्वतः बांधलेल्या बंदिशी गात, दुसऱ्या कोणाच्या नाही. संस्थानापासूनचे तबलजी नुकतेच वारले होते आणि तीन गुरुवार बैठक सुनी गेली होती.

मी म्हटलं, मला रोज रियाजाला जागा लागेल. कारभारी म्हणाले, बंगल्याच्या मागे एक खोली आहे, तिथे तुम्ही दिवसभर वाजवा, कोणी झोपत नाही. मी तिथेच हो म्हणून टाकलं.

पहिल्या गुरुवारी बैठक सुरू व्हायच्या आधी कारभाऱ्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाई, अमारे इथं एक रीत आहे. सम महाराज दाखवतील. तबला नाही दाखवणार."

मला आधी कळलंच नाही. ज्यांना गाण्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तीनतालाच्या सोळा मात्रा गोल फिरत असतात. फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर येतात, ती सम. गाणाऱ्याने मध्ये कितीही भटकावं, पण समेवर येऊन तबल्याला भेटायचं. भेट झाली की ऐकणाऱ्यांच्या माना हलतात. ती जागा गाणारा ठरवत नाही, तबलजीही ठरवत नाही. सोळा मात्रा झाल्या की ती येते.

महाराज समेवर कधीच येत नसत. कधी दोन मात्रा आधी, कधी चार मात्रा उशिरा, तर कधी भलत्याच ठिकाणी. आणि जिथे येत तिथे इतक्या ठामपणे येत, हात उचलून, डोळे मिटून, की चूक आपलीच झाली असं वाटावं. ही गोष्ट लहानपणापासूनची होती. कारभाऱ्यांनी सांगितलं, युवराज सात-आठ वर्षांचे असताना शिकवायला आलेल्या उस्तादांनी भर दरबारात त्यांची सम दुरुस्त केली. युवराज गायचे थांबले. जेवायचेही थांबले. तेव्हा मोठ्या महाराजांनी हुकूम काढला, युवराज येतील तिथे सम. उस्ताद निघून गेले. युवराज मोठे झाले, गादीवर बसले, गादी गेली, संस्थान गेलं. हुकूम तेवढा राहिला.

तो चालवायची एक पद्धतच बसली होती. महाराजांचा डावा खांदा किंचित वर गेला की ते समेकडे निघाले असं समजायचं. उशीर होणार असेल तर शेवटच्या चार मात्रा, ता धिं धिं धा, तबलजीने पुन्हा वाजवायच्या. लवकर येणार असतील तर त्या गाळायच्या. अध्येमध्ये अडकले तर लय ओढायची किंवा ढकलायची. आणि महाराजांचा हात खाली आला की त्याच क्षणी दणदणीत धा. कारभारी मांडीवर थाप मारत, ती ऐकून बाकीची मंडळी "वा!" म्हणत. मंडळी म्हणजे संस्थानातलेच जुने नातेवाईक आणि मानकरी, जे अजून डोंगर ओलांडून गुरुवारी यायचे. कोणालाही ह्यात काही वावगं वाटत नव्हतं. साठ वर्षं एक माणूस लयीत गातोय असं एका अख्ख्या संस्थानाने मिळून घडवून आणलं होतं, आणि आता ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

पहिल्या बैठकीनंतर मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मी परत जाणार नाही. तो म्हणाला, "मग उशी कुठे ठेवलीय ते बघ." मी परत गेले.

महाराजांचा राग करणंही जमत नसे, ही दुसरी कटकट. असा गाण्याने झपाटलेला माणूस मी पुढे पाहिला नाही. सकाळी दात घासताना त्यांना मुखडा सुचायचा. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि ते ताटाकडे बघत अंतरा जुळवत बसायचे. दुधनीकडे जलाशय बघायला गेले की होडीवाल्याला मध्येच वल्ही थांबवायला लावून गायचे. एकदा मी मागच्या खोलीत रियाज करत होते तेव्हा ते अंघोळ अर्धवट टाकून, पंचा गुंडाळून, साबण लागलेल्या खांद्यांनी दारात आले.

"बाई, हे ऐका. विसरून जाईन."

ते गाऊ लागले, मी मान खाली घालून ठेका धरला. राणीसाहेब बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. माझ्याशी ते फक्त गाण्याबद्दल बोलायचे. मी बाई असून तबला वाजवते ह्याचं त्यांना कधी नवल वाटलं नाही. पेटीचा विषयही त्यांनी कधी काढला नाही. एकदा सांगत होते, लहानपणी ते वाड्यातून पळून पाड्यावर तारपा, ते आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, ऐकायला जायचे. "बाई, तारपावाला वळेल तिकडे सगळा फेर वळतो. कोणी कोणाला विचारत नाही. गाणं असं पाहिजे." तीनतालाला फेर नसतो, आवर्तन असतं, हे मी कोणाला सांगणार?

आणि बंदिशी चांगल्या असायच्या. मला सगळ्यात जास्त वैताग ह्याचाच यायचा. सुमार असत्या तर मी ठेका धरून मनातल्या मनात वह्या तपासल्या असत्या. पूरिया रागातली त्यांची एक चीज होती, "पार दिया दीसे, नाव न आवे". पलीकडच्या काठावर दिवा दिसतोय आणि होडी काही येत नाही. 'दिया'वरून 'दीसे'वर यायला ते फार वेळ घ्यायचे. सोळा मात्रा संपायच्या, मी ता धिं धिं धा पुन्हा वाजवायची, तरी ते पलीकडेच. मी लय ओढायची, मनात त्यांना शिव्या द्यायची, आणि मग खांदा वर जायचा, हात खाली यायचा आणि 'दीसे' यायचं. एखाद्या गुरुवारी ते असं काही यायचं की अंगावर काटा यायचा. हे मला आवडायचं नाही. चुकलेल्या समेवर काटा येणं म्हणजे काय? मी घरी येऊन त्या रागात भांडी आपटायची.

टेपरेकॉर्डर त्यांना चालत नसे. कोणी आणला की म्हणायचे, "त्या डब्याला माझ्यासाठी थांबता येतं का? मग कशाला?" बंदिशीचे शब्द ते कोणालाही लिहून देत, पण गाणं घ्यायचं तर समोर बसून.

अशी काही वर्षं गेली. रोज दुपारी शाळा सुटली की मागच्या खोलीत माझा रियाज आणि गुरुवारी त्यांची साथ. मला वाटत होतं की मी हे दोन्ही वेगळं ठेवलंय. रेडिओच्या परीक्षेचा अर्ज भरला, बोलावणं आलं. महाराजांनी आपल्या तबल्यांच्या जोड्यांतली चांगली जोडी दिली, कारभाऱ्यांनी वापी स्टेशनपर्यंत जीपने सोडलं. मुंबईला रेडिओच्या बंद खोलीत बसले. परीक्षक काचेपलीकडे, दिसत नव्हते. पेटीवाल्याने लेहरा धरला. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एक धून, ती गोल गोल वाजत राहते आणि तिच्यावर तबलजीने आपलं सगळं दाखवायचं. मी सुरुवात केली. पेशकार, म्हणजे सुरुवातीचा संथ विस्तार, छान धरला गेला. पहिलं आवर्तन संपत आलं, आणि माझा हात थांबला.

क्षणभरच. कोणीतरी यायचं आहे, त्याला येऊ द्यावं, असा थांबला. लेहरा अर्थातच थांबला नाही. समेवर गेला, पुढेही गेला, आणि मी मागून धावत त्याला गाठलं. दुसऱ्या आवर्तनाला मी दात आवळून सरळ गेले. तिसऱ्याला हात पुन्हा थांबला. पेटीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेले नाही. माझ्या वडिलांनी ज्या हातासाठी इतक्या वेळा परसात फेऱ्या मारल्या तो हात आता आवर्तनाच्या शेवटी दारात उभा राहून कोणाची तरी वाट बघत होता. मला बाहेर बोलावलं गेलं आणि पुन्हा प्रयत्न करा, असं अगदी सौजन्याने सांगितलं गेलं.

परतीच्या गाडीत मी रडले नाही. मला राग आला होता. महाराजांचा, मोठ्या महाराजांचा, त्या न जेवणाऱ्या पोराचा, मांडीवर थाप मारणाऱ्या कारभाऱ्यांचा. वापीला उतरेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं.

त्या गुरुवारी नेहमीचीच मंडळी होती. महाराजांनी पूरिया घेतला. "पार दिया..." मी सरळ तीनताल धरला, लहान मुलांना शिकवतात तसा स्वच्छ. सोळा मात्रा झाल्या, मी सम दिली. महाराज अजून 'दिया'वरच होते. दोन-तीन मात्रांनी ते 'दीसे'वर आले, हात खाली आला, आणि तिथे तबला नव्हता. त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहून हसले आणि पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा सरळ. पुन्हा तेच. कारभारी खोकले. कोणाला "वा" कुठे म्हणावं ते कळेना, एकाने चुकून मधेच म्हटलं आणि जीभ चावली. मी थांबले नाही. सगळी खोली माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, आता कळेल. साठ वर्षांनी का होईना, आता ह्यांना कळेल.

महाराजांनी तंबोरा बाजूला ठेवला. ते गादीवरून उठले आणि माझ्या समोर सतरंजीवर येऊन बसले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मंडळींपैकी दोघेजण धडपडून उभे राहिले.

"बाई," ते फार मायेने म्हणाले, "मी ऐकलं परीक्षेचं. होतं असं. मन ठिकाणावर नसलं की लय पळते."

"महाराज, सम चुकते आहे," मी म्हटलं. इतकी वर्षं जे वाक्य गिळलं होतं ते अखेर बोलले.

"तेच तर म्हणतोय मी. चुकू दे. मी आहे ना. मी टाळी देतो, तुम्ही माझ्यामागून या."

आणि ते मला ताल शिकवू लागले. एक टाळी दिली, मग दुसरी, मग जरा विचारात पडले, मग तिसरी. "धीर धरायचा. घाई नाही करायची." मागे कारभारी मंडळींना हळू आवाजात सांगत होते की बाईंची तब्येत बरी नाही. एका वयस्क आत्याबाईंनी माझ्याकडे इतक्या कणवेने पाहिलं की मला तबला उचलून खिडकीबाहेर टाकावासा वाटला. महाराजांच्या डोळ्यांत खोटेपणाचा लवलेश नव्हता. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, माझ्यासाठी. मी उठले, नमस्कार केला आणि आमलीपर्यंत पायी आले.

परत गेले नाही. जीप दोनदा शाळेशी येऊन गेली, मी वर्गातून बाहेर आले नाही. रियाजाची खोली गेली ती गेलीच. मग मी हेडमास्तरांकडून शाळेची चावी मागून घेतली. रविवारी आणि सुट्ट्यांत बाकांच्या मध्ये बसून, दारं-खिडक्या लावून, घामाघूम होत मी वाजवायची. नवऱ्याने वापीहून लेहऱ्याची कॅसेट आणली होती. ती कॅसेट कोणासाठी थांबत नव्हती. सुरुवातीला प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी हात अडखळायचा, मी स्वतःच्याच मनगटावर चापट मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून धरायची. लहानपणी जे सहज आलं होतं ते पुन्हा शिकायला मला किती काळ लागला हे सांगायची लाज वाटत नाही, पण चीड येते. गेलेला वेळ माझा होता.

शेवटी हात सरळ झाला. दुसऱ्या वेळी परीक्षेत मी पास झाले.

सिल्वासात बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी कारभारी पेढे घेऊन शाळेत आले. महाराज फार खूश होते म्हणे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की बाईंचा हात पार बिघडला होता, मग मी एक दिवस समोर बसून टाळी दिली, तेव्हापासून सुधारला. कारभाऱ्यांचा चेहरा हे सांगताना अगदी गंभीर होता. मी पेढा तोंडात घातला, म्हणजे काही बोलायला नको. पुढे माझा पहिला कार्यक्रम लागला तेव्हा बंगल्यात सगळ्यांना बसवून त्यांनी रेडिओ ऐकला. कारभाऱ्यांनी मग सांगितलं, महाराजांनी पूर्ण ऐकला, मधून मधून हात उचलून दादही दिली, त्यांच्या त्यांच्या जागी. शेवटी म्हणाले, "छान. पण बाई अजून थोडी घाई करतात."

नव्वदीच्या दशकात ते गेले. आजार फार दिवसांचा नव्हता. शेवटपर्यंत गात होते असं ऐकलं. माझ्यानंतर वापीहून एक मुलगा साथीला यायचा, पण तो टिकला नाही, त्यानंतर कोणी मिळालं नाही. ते नुसत्या तंबोऱ्यावर गायचे आणि कारभारी मांडीवर थाप मारायचे. मी भेटायला गेले नाही. गेले असते तर वाजवायला बसावं लागलं असतं.

त्यांच्या वर्षश्राद्धाला बंगल्यावर त्यांच्याच बंदिशींचा कार्यक्रम ठेवला. गाणार होती त्यांची पुतणी. बडोद्याला रीतसर शिकलेली, लहानपणी सुट्ट्यांत काकांसमोर बसून तिने सगळ्या चिजा घेतल्या होत्या. कारभाऱ्यांनी माझ्या घरी येऊन विचारलं, साथीला याल का. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला उत्सुकताच होती. इतक्या वर्षांनी ह्या बंदिशी एकदा लयीत ऐकायला मिळणार होत्या.

पुतणी उत्तम गायली. सूर लखलखीत, लय बांधीव. मी सरळ वाजवत होते, ती सरळ येत होती. "पार दिया दीसे" तिने सोळा मात्रांत नीट बसवलं होतं. 'दिया'वर थोडा विस्तार, एक छोटीशी तान, आणि बरोबर समेवर 'दीसे'. आम्ही दोघी एका क्षणी भेटलो, केसाचाही फरक नाही. मी मंडळींकडे पाहिलं. नेहमीचेच लोक होते, म्हातारे झालेले. सगळे शांत बसले होते. माना हलल्या नाहीत. पुढचं आवर्तन, पुन्हा दिवा वेळेवर दिसला. त्यात काही नव्हतं. दिसायचा तो दिसला, एवढंच. मलाच कळत होतं की त्यात काही नाही, आणि वाजवता वाजवता मी चिडत होते. बरोबर होतं ना सगळं? मग काय हवं होतं?

कार्यक्रम संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला, डोंगरापलीकडे जाणाऱ्या गाड्या निघाल्या. मी तबला गवसणीत घालत होते तेव्हा कारभारी जवळ आले आणि कष्टाने खाली बसले. त्यांचे गुडघे आता वाकत नव्हते.

"बाई, वाईट नका मानू. मुलगी सरस गायली. पण ते महाराजांचं नव्हतं."

"तालात होतं, कारभारी. पहिल्यांदाच तालात होतं."

"हो, हो. तालमां तो होतंच." त्यांनी गवसणीवर हात ठेवला. "एकदा तसं वाजवाल का? ते यायचे तसं. चीज मी म्हणतो. मला गायला नाही येत, पण ते कुठे यायचे ते मला पक्कं ठाऊक आहे. आता आपण दोघंच उरलो, ज्यांना ठाऊक आहे."

मी गवसणी पुन्हा काढली. नाही म्हणायचं कारण नव्हतं. कारभाऱ्यांनी डोळे मिटले आणि फाटक्या, थरथरत्या आवाजात सुरुवात केली. "पार दिया..." आवाज काहीच नव्हता, पण चाल तीच होती, रेंगाळणं तेच होतं. मी ठेका धरला. नवव्या मात्रेची खाली गेली, ता धिं धिं धा आलं. ते अजून 'दिया'वर होते. इथे थांबायचं होतं, मला माहीत होतं. मी हे शेकडो वेळा केलं होतं. हाताला सांगितलं, थांब. हात समेवर पडला.

"फरी एकदा," कारभारी म्हणाले.

पुन्हा धरलं. ह्या वेळी मी त्यांच्या खांद्याकडे नजर लावून बसले. शेवटच्या चार मात्रा पुन्हा घ्यायच्या म्हणून आधीच मनात म्हणून ठेवल्या. ते पलीकडे होते, येत होते, सावकाश, अगदी महाराज यायचे तसे, आणि माझा हात त्यांच्या आधी जाऊन, सोळा मात्रा मोजून, सरळ, स्वच्छ धा वाजवून मोकळा झाला. जिथे तो एकेकाळी माझ्या मनाविरुद्ध थांबायचा तिथे मी आता जिवाच्या आकांताने थांब म्हणत होते आणि तो थांबत नव्हता.

कारभाऱ्यांनी आणखी एकदा घेतलं. मग आणखी एकदा. मला इतका राग आला होता की समोरचं नीट दिसत नव्हतं. त्या मुलीचा नाही, रेडिओचा नाही, महाराजांचाही नाही. हा सरळ हात मी मागून घेतला होता, मनगटावर चापट्या मारून मिळवला होता, आणि आता त्याला एक गोष्ट करता येत नव्हती, जी करणारं दुसरं कोणीही ह्या जगात नव्हतं.

कारभारी 'दीसे'वर पोचले तेव्हा माझा हात तिथून केव्हाच पुढे गेला होता. त्यांनी मांडीवर थाप मारली, एकट्यानेच, आणि म्हणाले, "राहू द्या बाई. उशीर झाला."